हातसुताचे दोन तुकडे

आमच्या घरी एक नाव कुणी घेत नसे. बापूकाका. ते सख्खे काका नव्हेत, बाबांचे मित्र. दोघं एकाच शाळेत शिक्षक, दोघांच्या सायकली एकाच भिंतीला टेकलेल्या, आणि रोज संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर दोघांची बैठक ठरलेली. १९८३ साली शिक्षकांच्या पतपेढीची निवडणूक लागली. दोघं वेगवेगळ्या पॅनेलमधून उभे राहिले आणि बाबा पडले. पडल्याचं दुःख फार नव्हतं. पण प्रचारात बाबांविरुद्ध एक घाणेरडं पत्रक निघालं होतं, आणि ते छापायचे पैसे बापूकाकांनी दिले असं बाबांच्या कानावर आलं. तेव्हापासून अबोला.

मी नऊ वर्षांची होते. दिवाळीत आई फराळाचं ताट रुमालाखाली झाकून माझ्या हातात द्यायची आणि सांगायची, "मागच्या दारानं जा. बाबा झोपलेत तोवर ये." बापूकाकांची आई वारली तेव्हा आई बाबांना न सांगता तिकडे जाऊन बसली. बाबांना ते कळलं असणारच. ते काही बोलले नाहीत.

हे सगळं मी विसरून गेले होते. आठवलं ते इकडे बॉस्टनजवळ, क्विन्सीमध्ये एका जुन्या घराच्या माडीवर उभी असताना. इथले लोक या गावाचं नाव 'क्विन्झी' असं उच्चारतात. एकोणीस वर्षं मी याच भागात राहते, रेड लाइनच्या गाडीतून कितीदा या स्टेशनावरून गेले, पण अमेरिकेच्या दुसऱ्या राष्ट्राध्यक्षाचं घर बघायला उतरले ती फार उशिरा. जॉन ॲडम्स. नोटेच्या दर्शनी बाजूवर न दिसणारा आणि वॉशिंग्टन व जेफरसन यांच्या मधे कुठेतरी दबून गेलेला. माडीवरच्या त्याच्या अभ्यासिकेत मेज आहे, खुर्ची आहे. माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, म्हातारपणी हा माणूस इथे बसून पत्रं लिहीत असे. मग त्यांनी त्या पत्रांच्या दुसऱ्या टोकाला त्याचा जुना मित्र जेफरसन होता ते सांगितलं, आणि मधली अकरा वर्षं पत्रं का बंद होती तेही सांगितलं. मला मागच्या दारानं नेलेलं ताट आठवलं.

त्यानंतर दोन हिवाळे मी ही पत्रं वाचत राहिले.

ॲडम्सचा जन्म १७३५ सालचा. वडील शेतकरी, आणि हिवाळ्यात जोडे शिवणारे. मुलगा हार्वर्डला शिकला, थोडे दिवस मास्तरकी केली, मग वकील झाला. १७७० साली बॉस्टनच्या रस्त्यावर इंग्रज शिपायांनी जमावावर गोळ्या झाडल्या, पाच माणसं मेली. सगळं शहर पेटलेलं असताना त्या शिपायांचं वकीलपत्र घेतलं ते ॲडम्सनं. आठ शिपायांपैकी सहा निर्दोष सुटले. दोघांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, त्यांच्या अंगठ्यांवर डाग दिले. ज्या राज्याविरुद्ध लढायचं त्याच राज्याच्या शिपायांना न्याय मिळाला पाहिजे, असं म्हणणारा हा माणूस. पुढच्या आयुष्यातही त्याला लोकप्रिय होणं जमलं नाही, आणि त्याचं मूळ मला इथेच दिसतं.

१७६४ साली त्याचं लग्न ॲबिगेल स्मिथशी झालं. ती पाद्र्याची मुलगी, शाळेत एक दिवसही न गेलेली, घरातल्या पुस्तकांवर वाढलेली. तिचं शुद्धलेखन अगदी कच्चं आणि वाक्यं मात्र धारदार. या नवराबायकोची अकराशेवर पत्रं आज शिल्लक आहेत, कारण नवरा सतत घराबाहेर. आधी कोर्टाच्या फिरतीवर, मग फिलाडेल्फियात भरलेल्या वसाहतींच्या काँग्रेसमध्ये, मग थेट युरोपात. घरी चार मुलं, शेत, गडीमाणसं आणि दारात आलेलं युद्ध ही सांभाळत होती.

१६ जून १७७५ चं तिचं पत्र आहे. त्यात ती नवऱ्याकडे टाचण्या मागते. इंग्लंडहून माल येणं थांबलं होतं आणि टाचण्या घरात बनत नाहीत. जो पुडा साडेसात शिलिंगाला मिळायचा त्याला आता वीस शिलिंग पडतात आणि तेवढे देऊनही मिळत नाही, तेव्हा पेटीत एक पुडा टाकून आणाच, असं ती बजावते. दुसऱ्या दिवशी, १७ जूनला, बंकर हिलची लढाई झाली. ॲबिगेल सात वर्षांच्या मुलाचा, जॉन क्विन्सीचा, हात धरून जवळच्या पेन्स हिलवर चढली, आणि तिथून त्या दोघांनी चार्ल्सटाउन गाव जळताना पाहिलं. १८ तारखेचं पत्र ती सुरू करते तेच मुळी असं, की निर्णायक दिवस उगवला असावा, माझं काळीज फुटायला आलंय आणि त्याला वाट करून द्यायला माझ्याजवळ लेखणीशिवाय काही नाही. त्या मुलाला बरं करणारा त्यांचा डॉक्टर जोसेफ वॉरन त्या लढाईत मारला गेला होता.

या दोन पत्रांत मला कुठे खाच दिसत नाही. टाचणी आणि तोफ एकाच बाईच्या, एकाच आठवड्यातल्या गोष्टी आहेत. इतिहासाच्या पुस्तकात तोफ राहते, टाचणी गळते. पत्रांमुळे टाचणीही राहिली.

चहाची गोष्टही अशीच. १७७६ साली ॲडम्सनं फिलाडेल्फियात चाळीस शिलिंग पौंडाच्या महागड्या भावानं हिरवा चहा घेतला आणि बायकोला द्यायला एका सहकाऱ्याबरोबर पाठवला. बॉस्टनमध्ये तेव्हा देवीची साथ होती. ॲबिगेल मुलांना घेऊन तिथे टोचून घ्यायला गेली होती, अंगात अशक्तपणा होता. चुलत नात्यातल्या सॅम्युएल ॲडम्सच्या बायकोकडे ती गेली तर तिथे सुरेख चहा मिळाला. 'ह्यांनी पाठवलाय,' असं त्या बाईनं कौतुकानं सांगितलं. ॲबिगेलनं मुकाट्यानं चहा प्यायला, आणि मनात आलं की आपल्या माणसालाही हे सुचायला हरकत नव्हती. चहा तिचाच होता. सहकाऱ्यानं चुकीच्या ॲडम्सबाईंच्या दारात नेऊन दिला होता. हा उलगडा व्हायला पत्रांच्या दोन फेऱ्या लागल्या.

त्याच वर्षी २ जूनला तो तिला कळवतो की मी एक मोठी कोरी वही विकत घेतली आहे, यापुढे माझ्या पत्रांच्या नकला तीत उतरवून ठेवीन, तूही अशी वही कर, कारण तुझी पत्रं माझ्या पत्रांपेक्षा जपून ठेवण्याच्या लायकीची आहेत. एका वकिलानं, राष्ट्र घडवायला बसलेल्या माणसानं, घरात बसलेल्या बायकोला १७७६ साली हे लिहिलं. तिनं ३१ मार्चच्या पत्रात नवे कायदे करताना बायकांना विसरू नका असं बजावलं होतं, आणि त्यावर त्यानं थट्टेवारी उत्तर दिलं होतं, हेही खरं. दोन्ही पत्रं त्याचीच. मी त्याला दुसऱ्यासाठी माफ करत नाही आणि पहिल्यासाठी विसरत नाही.

स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहायला पाच जणांची समिती नेमली गेली. ॲडम्सच्या आठवणीप्रमाणे त्यानंच तेहतीस वर्षांच्या थॉमस जेफरसनला मसुदा लिहायला लावलं. कारणं तीन: तू व्हर्जिनियाचा आहेस, मी लोकांना नकोसा आहे, आणि तू माझ्यापेक्षा दसपट चांगलं लिहितोस. मैत्री जमली ती तिथे. एक बुटका, गोलमटोल, तोंडाला येईल ते बोलणारा. दुसरा उंच, मितभाषी, सभेत तोंड न उघडणारा. पुढे दोघं युरोपात देशाचे प्रतिनिधी म्हणून होते, एक लंडनला, एक पॅरिसला. १७८६ च्या वसंतात दोघांनी मिळून इंग्लंडातल्या बागा पाहिल्या, शेक्सपिअरच्या घरी जाऊन त्याच्या म्हणून दाखवल्या जाणाऱ्या खुर्चीची कपची काढून आणली. १७८७ साली जेफरसनची धाकटी मुलगी पॉली, आठ वर्षांची, आई नसलेली, समुद्र ओलांडून लंडनला उतरली ती ॲबिगेलच्याच दारात. तिच्याबरोबर सोबतीला होती चौदा वर्षांची सॅली हेमिंग्ज, जेफरसनच्या मालकीची गुलाम मुलगी.

ॲडम्स परतला, आठ वर्षं उपराष्ट्राध्यक्ष राहिला. त्या पदाविषयी त्यानं बायकोला लिहिलं आहे की माणसाच्या बुद्धीला सुचलेलं किंवा कल्पनेत आलेलं हे सगळ्यात क्षुल्लक पद आहे. १७९६ ची निवडणूक तो ७१ विरुद्ध ६८ मतांनी जिंकला, तीही जेफरसनविरुद्ध, आणि त्या वेळच्या नियमानं जेफरसन त्याचा उपराष्ट्राध्यक्ष झाला. चार वर्षं दोघं एका सरकारात, दोन टोकांना. ॲडम्सनं फ्रान्सशी मोठं युद्ध होऊ दिलं नाही, ही त्याची खरी कमाई. सरकारवर टीका करणाऱ्यांना तुरुंगात घालणाऱ्या १७९८ च्या कायद्यावर त्यानं सही केली, हा त्याच्यावरचा खरा डाग. जेफरसननं जेम्स कॅलेंडर नावाच्या एका पत्रकाराला पैसे दिले, आणि त्या पत्रकारानं ॲडम्सवर चिखलफेक केली.

तेच ते पत्रक. हे मी वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. उठून पाणी पिऊन आले.

१ नोव्हेंबर १८०० ला ॲडम्स वॉशिंग्टनमधल्या अर्धवट बांधलेल्या घरात राहायला गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं ॲबिगेलला लिहिलं की या घराला आणि पुढे इथे राहणाऱ्या सगळ्यांना देव सुखी ठेवो, आणि या छपराखाली प्रामाणिक व शहाण्या माणसांखेरीज कुणी राज्य न करो. ही ओळ आज व्हाइट हाउसच्या भोजनगृहातल्या शेकोटीवर कोरलेली आहे. त्याच महिन्याच्या शेवटी त्याचा मधला मुलगा चार्ल्स दारूपायी गेला. तोवर निवडणुकीचा निकालही लागत आलाच होता. जेफरसन ७३, त्याच्याच पक्षाचा ॲरन बर ७३, ॲडम्स ६५. ४ मार्च १८०१ ला पहाटे चार वाजता, जेफरसनच्या शपथविधीला न थांबता, ॲडम्स घोडागाडीत बसून घरी निघून गेला.

लोक याला चिडकेपणा म्हणतात. मला त्या पहाटे गाडीत बसलेला पासष्ट वर्षांचा बाप दिसतो, ज्याचा मुलगा तीन महिन्यांपूर्वी वारला आहे.

अबोला सुरू झाला. तीन वर्षांनी, १८०४ च्या एप्रिलमध्ये, पॉली बाळंतपणानंतर वारली. पंचवीस वर्षांची. ॲबिगेलनं वर्तमानपत्रात वाचलं, काही दिवस थांबली, आणि २० मे रोजी तिनं जेफरसनला पत्र लिहिलं. नवऱ्याला न सांगता. लंडनहून निघताना ती पोर माझ्या गळ्याला मिठी मारून रडली, आत्ता कुठे मला तुमचा लळा लागला तर मला का ओढून नेताहेत, असं म्हणाली, ते मला विसरता येत नाही, असं त्यात आहे. आणि सहीच्या जागी, जी एके काळी स्वतःला तुमची मैत्रीण म्हणवून घेण्यात आनंद मानत होती ती ॲबिगेल ॲडम्स.

'एके काळी'. एवढे दोनच शब्द, पण पत्रातलं सगळं सांत्वन त्यांच्याशी भांडतं आहे. जेफरसननं उत्तर दिलं, त्यात ॲडम्सनं पद सोडता सोडता केलेल्या नेमणुकांचं दुखणं काढलं. मग तिनं कॅलेंडरचं नाव काढलं. पाच महिने पत्रं गेली-आली आणि ऑक्टोबरात तिनंच ती थांबवली. नोव्हेंबरात तिनं सगळा गठ्ठा नवऱ्यापुढे ठेवला. त्यानं संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं वाचून खाली टीप लिहिली: हा सगळा पत्रव्यवहार माझ्या नकळत सुरू झाला आणि चालला, त्यावर या वेळी आणि या जागी मला काही म्हणायचं नाही.

माझे बाबा काही बोलले नव्हते ते असंच.

अबोला सुटायला तिसरा माणूस लागतो. तो रागावलेला नसावा आणि चिवट असावा. ॲडम्स आणि जेफरसन यांच्यात तो होता, फिलाडेल्फियाचा डॉक्टर बेंजामिन रश. त्यानंही जाहीरनाम्यावर सही केलेली. १८०९ च्या ऑक्टोबरात रशनं ॲडम्सला एक स्वप्न कळवलं: इतिहासाचं पुस्तक वाचतोय, त्यात लिहिलंय की ॲडम्सनं जेफरसनला एक छोटंसं पत्र लिहिलं, मग दोघांत वर्षानुवर्षं पत्रव्यवहार चालला, आणि दोघं जवळजवळ एकाच वेळी मातीआड झाले. ॲडम्सनं स्वप्नाचं कौतुक केलं आणि दोन वर्षं काही केलं नाही. मग १८११ साली जेफरसनच्या शेजारचे दोन तरुण भाऊ क्विन्सीला येऊन गेले. बोलता बोलता ॲडम्स म्हणाला, माझं जेफरसनवर कायम प्रेम होतं, आजही आहे. हे वाक्य व्हर्जिनियाला पोचलं. जेफरसननं ते रशला कळवलं, रशनं पुन्हा ॲडम्सला टोचलं.

१ जानेवारी १८१२. ॲडम्सनं चार ओळींचं पत्र लिहिलं. नव्या वर्षाच्या शुभेच्छा, आणि टपालानं एका पुडक्यात 'हातसुताचे दोन तुकडे' पाठवतो आहे. लहानपणी ज्याला तुमची माया मिळाली त्याच्या हातचे आहेत. हे दोन तुकडे म्हणजे त्याच्या मुलाची, जॉन क्विन्सीची, वक्तृत्वशास्त्रावरच्या व्याख्यानांची दोन पुस्तकं. इंग्लंडचं कापड नको, घरचं वापरू, असा तो काळ होता. बापानं लेकाच्या पुस्तकांना लाडानं घरचं कापड म्हटलं.

पत्र पोचलं, पुडकं मागे राहिलं. जेफरसनला ते कापडच वाटलं. २१ जानेवारीला त्यानं उत्तर लिहिलं त्यात सुरुवातीलाच व्हर्जिनियात घरोघरी सूत कसं कातलं जातं, कुठलं कापड घरी विणतात, घरात माणशी एक मेंढी कशी पुरते, असं सगळं तपशीलवार सांगितलं. मग मात्र लेखणी वळते. तुमचं पत्र पाहिलं की जुने दिवस आठवतात, एकाच कामासाठी झगडणारे आपण सोबती, एकच वल्हं मारत होतो. वर्तमानपत्रं सोडली, आता टॅसिटस आणि थ्युसिडिडीस वाचतो, न्यूटन आणि युक्लिड वाचतो, आणि जास्त सुखात आहे. दोन दिवसांनी पुडकं हातात पडलं, तेव्हा त्यानं लगेच दुसरी चिठ्ठी पाठवली.

अकरा वर्षांच्या अबोल्यानंतरचं पहिलं उत्तर मेंढ्यांविषयी आहे, हे मला फार आवडतं. कापडाच्या आडोशानं दोघं आत आले. पत्रक, कॅलेंडर, नेमणुका, पहाटेची घोडागाडी, काही निघालं नाही.

हे मी बाबांना फोनवर सांगितलं. ते ब्याऐंशीचे आहेत, कान चांगले आहेत. बापूकाका निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला गेले होते आणि २००४ साली तिकडेच वारले. बाबांनी ती बातमी पेपरात वाचली होती. माझं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "पहिलं पत्र कोणी लिहिलं?"

"ॲडम्सनं."

"म्हणजे जो पडला होता त्यानं."

"हो."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "निवडून आलेल्याला पहिलं लिहिता येत नाही. त्यानं लिहिलं तर ती कीव वाटते. ते काम पडलेल्याचं. म्हणजे माझं होतं."

मला काय बोलावं कळेना. त्यांनीच विचारलं, "मग पुढे काय लिहिलं त्यांनी एकमेकांना? सांग."

पुढे चौदा वर्षांत १५८ पत्रं झाली. त्यांतली १०९ ॲडम्सची, ४९ जेफरसनची. हा हिशोब ॲडम्सनं कधी मनात धरला नाही. जेफरसनचं मनगट १७८६ साली पॅरिसमध्ये मोडलं होतं, ते नीट बसलंच नाही. शिवाय त्याला पत्रंही भारंभार यायची. १८२० या एका वर्षात आलेली पत्रं त्यानं मोजली होती, १,२६७. त्याच्याकडे एक यंत्र होतं, एका लेखणीनं लिहिलं की जोडलेली दुसरी लेखणी शेजारच्या कागदावर नक्कल उतरवी. ॲडम्सचे हात कापायला लागले होते, डोळे गेले होते. तो नाती-नातवांना बसवून सांगत असे आणि ती मुलं उतरवून घेत.

१५ जुलै १८१३ च्या पत्रात ॲडम्स लिहितो, तुम्ही आणि मी एकमेकांना आपलं म्हणणं समजावून सांगितल्याशिवाय मरता कामा नये. पटवून सांगितल्याशिवाय असं नव्हे, समजावून सांगितल्याशिवाय. आणि ते भांडतातही मनापासून. जेफरसन म्हणतो, समाजात एक नैसर्गिक उच्चवर्ग असतो, गुण आणि बुद्धी यांवर उभा राहिलेला. ॲडम्स म्हणतो, उच्चवर्गाचे खांब पाच: रूप, पैसा, कुळ, बुद्धी, सद्गुण. पहिल्या तिघांतला कुठलाही एक शेवटच्या दोघांना केव्हाही लोळवतो. गावातल्या पतपेढीपासून दिल्लीपर्यंत निवडणुका पाहिलेल्या कुणालाही ॲडम्सचं म्हणणं पुन्हा समजावून सांगायला नको. तोच एकदा विचारतो, पाळण्यात परत जाऊन सगळं आयुष्य पुन्हा जगाल का? जेफरसन म्हणतो, जगेन. माझ्या नावेच्या तोंडाशी आशा असते, भीती मागे सोडलेली असते.

एका गोष्टीबाबत मात्र त्यांनी एकमेकांना काही समजावलं नाही. ॲडम्सकडे कधी गुलाम नव्हते. जेफरसननं आयुष्यभरात सहाशेवर माणसं मालकीची बाळगली. १८२१ साली ॲडम्सनं लिहिलं की पन्नास वर्षं मी गुलामगिरी या देशावर काळ्या ढगासारखी लोंबताना पाहतो आहे. आणि पुढे लिहिलं, हे मला उमगत नाही, दक्षिणेच्या लोकांवरच सोपवतो. मैत्री जपण्यासाठी त्यानं हे एक दार बंद ठेवलं. जेफरसन गेल्यावर त्याची कर्जं फेडायला १८२७ च्या जानेवारीत माँटिसेलोवर, म्हणजे त्याच्या शेतवाडीवर, १३० माणसांचा लिलाव झाला. ही पत्रं मला प्रिय आहेत, आणि ज्या हातांनी ते सूत कातलं होतं, ते कापड विणलं होतं, त्यांतले कितीतरी हात त्या लिलावात उभे असणार, हे मी बाजूला ठेवू शकत नाही. मेंढ्यांचं ते पत्र मी आता त्यासकट वाचते.

ॲबिगेल १८१८ च्या ऑक्टोबरात विषमज्वरानं गेली. ती जायच्या आठवडाभर आधी ॲडम्सनं जेफरसनला कळवलं होतं की चौपन्न वर्षांची माझी सोबतीण शेवटच्या घटका मोजते आहे, तिला बोलायची आणि तिच्याशी कुणी बोलायची मनाई आहे. १३ नोव्हेंबरचं जेफरसनचं उत्तर लहान आहे. त्याची स्वतःची बायको कधीच गेली होती, सहा मुलांतली एकच उरली होती. अशा दुःखावर वेळ आणि मौन एवढंच औषध, हे मी अनुभवानं शिकलोय, तेव्हा तुमच्या आसवांत माझी मिसळतो आणि शब्द जिथे फोल आहेत तिथे एक शब्दही जास्त लिहीत नाही, असं तो म्हणतो. ही बाई त्याच्याशी पाच महिने कडाडून भांडली होती. आणि त्याची पोर तिच्या गळ्यात पडून रडली होती.

मग १८२३. अबोल्याच्या काळात रागाच्या भरात ॲडम्सनं एका नातेवाइकाला जेफरसनविषयी नको ते लिहिलं होतं. ती पत्रं त्या नातेवाइकाच्या मुलानं छापून टाकली. जवळजवळ अर्ध्या शतकाच्या ओळखीवर पाणी पडायची वेळ. क्विन्सीला सकाळी न्याहारीला सगळं घर बसलेलं असताना टपाल आलं. ॲडम्सनं एका मुलीला पुडकं उघडायला सांगितलं. जेफरसनसाहेबांचं पत्र आहे, ती म्हणाली. तो म्हणाला, आत काय आहे ते मला ठाऊक आहे. आमच्यात गुपित काही नाही आणि मला वाचता येत नाही, तूच वाच. पत्रात जेफरसननं लिहिलं होतं की या वयात मागच्या युगात शिरून खऱ्या-खोट्या गोष्टी उकरून काढायच्या आणि ज्या मायेनं आयुष्याची संध्याकाळ गोड केली तिला धक्का लावायचा, हे विचित्रच होईल. वाचून झालं तसा सगळा टेबलभर गलका उठला, असं पत्र आजवर कुणी लिहिलं नाही, हे छापलंच पाहिजे. त्यांच्या परवानगीशिवाय अजिबात नाही, ॲडम्स म्हणाला. हे सगळं त्यानं उत्तरात कळवलं आणि खाली सही केली: वय एकोणनव्वदावं, अजून इतका लठ्ठ की फार टिकणार नाही.

ही सकाळ मी बाबांना दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा त्यांनी मागितली म्हणून.

४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, जेफरसन दुपारी आणि ॲडम्स संध्याकाळी वारला. ही गोष्ट सगळीकडे सांगतात, अमेरिकेतल्या शाळेतल्या मुलांना ती पाठ असते. रशचं स्वप्न खरं झालं. स्टेशनासमोरच्या ग्रॅनाइटच्या चर्चमध्ये, तळघरात, ॲडम्स, ॲबिगेल, जॉन क्विन्सी आणि त्याची बायको लुइसा शेजारी शेजारी आहेत. तिथे फार थंड असतं. मी दहा मिनिटांत वर आले आणि पुन्हा त्या घराकडे चालत गेले. दारातला पांढरा गुलाब ॲबिगेलनं १७८८ साली इंग्लंडहून आणून लावलेला, असं सांगतात. तोवर तो फुलला होता.

१८२६ च्या एप्रिलमधलं ॲडम्सचं शेवटचं पत्र माझ्याजवळ छापून ठेवलेलं आहे. मार्चमध्ये जेफरसननं आपल्या नातवाकरवी चिठ्ठी पाठवली होती. पोरगा बॉस्टनला येतोय, त्याला तुम्हाला बघायचंय, म्हातारपणी हिवाळ्याच्या रात्री सांगायला त्याच्याकडे काहीतरी असू दे. नव्वद वर्षांच्या ॲडम्सनं १७ एप्रिलला उत्तर सांगून लिहवलं. तुमच्या पत्रानं तरतरी आली. राजकारण नेहमीसारखंच, लबाड्या चालूच, फक्त पूर्वीपेक्षा शिवीगाळ थोडी वाढली आहे. तुमचा नातू मला फार आवडला. पण तुम्ही व्हर्जिनियावाले सगळे इतके उंच कसे काय? त्याच्या शेजारी आमची इकडची माणसं अगदी बुटबैंगण दिसतात. घरच्या सगळ्यांना माझी माया.